भाड्याने दिलेले बारा खांब

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी फागू मौळेच्या हातात सात हजार दोनशे रुपये पडले. बारा खांब, खांबाला महिना पन्नास रुपये, एका वर्षाचं भाडं आगाऊ. हिशेब चोख होता. या व्यवहारात पुढे जे बिघडलं ते बेरजेत बिघडलं नाही, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

खांब सागाचे, फागूच्या बापाच्या घराचे. फागू मोखाड्याच्या अलीकडे हेदपाड्यात राहतो. वय तेव्हा साठ. भाडं देणारा मुंबईचा एक वास्तुरचनेचा स्टुडिओ, नाव 'पुनरावर्त'. जुनं सागवान पडत्या भावात उचलून नेणारे व्यापारी या डोंगरात नवे नाहीत. पण लाकूड भाड्याने नेणारी आणि तीन वर्षांनी जसंच्या तसं परत करू म्हणणारी माणसं फागूने पहिल्यांदाच पाहिली, आणि त्याने त्यांच्यावर विश्वास ठेवला. फागू भोळा नाही. त्याने विश्वास का ठेवला, हे कळायला त्याचा धंदा आधी कळायला हवा.

फागू घरं उतरवतो. पाडत नाही, उतरवतो. पाडायला एक पहार आणि दोन दांडगे गडी पुरतात. उतरवायला चार दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी जागेवर बारा दगडांचे ठसे तेवढे उरतात. या भागात घर एका जागेला कायमचं बांधलेलं नसे. भाऊ वेगळे झाले, झऱ्याचं पाणी आटलं, एकाच घरात लागोपाठ दोन पोरं दगावली, की लोक फागूच्या बापाला, लहान्याला, बोलावत. बापामागे फागूला. तो आधी कौलं मोजून उतरवी आणि दहा-दहाच्या चवडी लावी. मग वासे, मग आढं, मग तुळया. घट्ट बसलेल्या लाकडी खुंट्यांवर आदल्या रात्री ओलं फडकं बांधून ठेवी आणि सकाळी उलट्या बाजूने ठोके देऊन अख्ख्या काढी. कुडातल्या कारवीच्या काठ्या निवडी; धड असतील त्या पुन्हा कुडाला, सडलेल्या राबाला, म्हणजे शेतात जाळायला, आणि त्या राखेवर पुढे नाचणी. भिंतीची मातीसुद्धा टाकत नसत. भिजवून, शेण घालून तुडवून तीच नव्या कुडाला लिंपत. चुलीचे तीन दगड घरची बाई स्वतः उचलून नेई. फागूने उतरवलेल्या घराच्या जागी वर्षभरात गवत वाढे आणि इथे कोण राहत होतं हे परक्याला सांगावं लागे.

चाळीस वर्षांत त्याने एकसष्ट घरं उतरवली आणि साठ उभी केली. न उभं केलेलं एक त्याच्या बापाचं. लहान्या गेल्यावर भावांनी वाटण्या केल्या. फागूच्या वाट्याला बारा खांब आले. ते त्याने घरामागे दगडांवर आडवे रचून, वर पेंढा घालून ठेवले. हे लाकूड वर्षाचं, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

वर्षा त्याची एकुलती मुलगी. नवऱ्यामागे जव्हारच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि एका भाड्याच्या खोलीत आपल्या मुलीला, प्रगतीला, घेऊन राहू लागली. बापाने तिला घरामागची जागा दिली होती आणि लाकूड देतो म्हणून शब्द दिला होता. कौलं, दारं, मजुरी तिने जमवायची होती. पगारातून ते जमायला तीन वर्षं लागतील, असा तिचा अंदाज होता.

आणि नेमके तीन वर्षांसाठी लाकूड मागायला कारखानीस आले.

अन्वय कारखानीस हे 'पुनरावर्त'चे प्रमुख. पंचेचाळिशीचे, खादीचा सदरा, पायात तीन हजारांच्या साध्या दिसणाऱ्या चपला. जव्हार-मोखाडा रस्त्यालगत एका कंपनीच्या पैशांतून 'अभ्यासघर' नावाची इमारत उभी राहायची होती आणि ती चक्रीय अर्थव्यवस्थेच्या तत्त्वांवर असणार होती. शहरातला माणूस डोंगरातल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही दुसऱ्या वाक्यात काका करतो. त्याप्रमाणे तो नातेसंबंध जुळल्यावर कारखानिसांनी समजावलं.

"फागूकाका, आमच्या दृष्टीने कचरा नावाची गोष्टच नसते. इमारत म्हणजे साहित्याचा मुक्काम. आज इथे, उद्या दुसरीकडे. म्हणून आम्ही इमारत अशी बांधतो की ती उघडता आली पाहिजे."

"म्हणजे उतरवता," फागू म्हणाला.

"अगदी बरोबर! तुम्हाला लगेच कळलं. आमच्या विद्यार्थ्यांना हे समजायला एक सत्र जातं."

फागूला कळणारच होतं. साठ घरं उभी करताना त्याने दुसरं काही केलं नव्हतं; फक्त त्याला नाव आहे आणि त्या नावाची परिषद भरते, हे त्याला माहीत नव्हतं. आपलीच विद्या हा माणूस इस्त्री करून परत आणतोय, असं त्याला वाटलं आणि तो खूश झाला. चूक असेल तर ती एवढीच.

त्याची बायको पोशी मात्र चुलीपुढून म्हणाली, "लाकूड घरात पडून हाय तवर लाकूड. भायेर गेलं की लोकांचं."

"भाडं देतात ना. तीन वर्षांचं एकवीस हजार सहाशे. वर्षाची कौलं त्यात येतील."

"आणि नाय दिलं परत?"

"कागद करतात."

कागद झाला. वर्षाने जव्हारहून येऊन तो मोठ्याने वाचून दाखवला. कलम नऊ: 'करार संपताना सर्व खांब मूळ मापात व सुस्थितीत मूळ मालकास परत करण्यात येतील.' करार संपण्याची तारीख १३ फेब्रुवारी २०२५. वर्षाने ते कलम दोनदा वाचलं आणि मगच बापाला अंगठ्याजवळ सही करू दिली. फागूला सही येते. तरी त्यांनी शेजारी अंगठाही घेतला होता, वातावरणासाठी असावा.

लाकूड नेताना फागूने कारखानिसांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रत्येक खांबाच्या बुडापासून दोन फुटांवर वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, पाडलेल्या खुणा आहेत. एक खूण असेल तो उगवतीच्या कोपऱ्याचा, दोन असतील तो त्याच्या शेजारचा, असं बारापर्यंत. आणि बूड ते बूड: झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहिला पाहिजे, मुळाकडची बाजू खाली. लहान्याने उभ्या आयुष्यात एक खांब उलटा लावला नव्हता. लावला तर त्या घरात माणूस टिकत नाही, असं तो म्हणे. आणि ते बाजूला ठेवलं तरी तुळईची खाच वरच्याच टोकाला असते, हे कोणालाही दिसतं. दुसरी गोष्ट, खांबाखाली दगड ठेवा. जमिनीत घालू नका.

कारखानिसांनी दोन्ही वहीत लिहून घेतल्या. "हे ज्ञान आहे, काका," ते म्हणाले. वही फार सुंदर होती, हाताने केलेल्या कागदाची.

उभारणीला फागूला बोलावलं नाही. त्यासाठी शहरातून एक प्रशिक्षित टोळी आली. फागू त्या सालात वसईकडे एका बांधकामावर हेल्पर म्हणून गेला होता, कारण उतरवण्याजोगी घरं आता राहिली नव्हती. लोक सिमेंटची बांधत होते आणि सिमेंटचं घर फक्त पाडता येतं. तो परत आला तेव्हा अभ्यासघराचं उद्घाटन होतं. तो आणि पोशी गेली.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. बसायला जुने टायर होते, भिवंडीहून ट्रकने आणलेले. एका भिंतीत दारूच्या रिकाम्या बाटल्या चिणल्या होत्या. मोखाड्यात रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. तरी या मुंबईच्या होत्या, कारण हिरवा रंग एकसारखा हवा होता. सांध्यांना काथ्याची दोरी गुंडाळली होती, दिसायला. दोरीच्या आत बोल्ट होते. दारं कुठल्याशा हवेलीची होती, सातशे किलोमीटरवरून आलेली. हा सगळा माल गावोगाव फिरवायला जेवढं डिझेल जळलं त्याची नोंद मात्र कुठल्याच फलकावर नव्हती. फलक बाकी पुष्कळ होते.

प्रत्येक खांबाला पितळी बिल्ला ठोकला होता. त्यावर ठिपक्यांचा चौकोन. मोबाइल समोर धरला की त्या खांबाची कुंडली दिसे. तिला ते साहित्याचा पासपोर्ट म्हणत. एका मुलीने सातव्या खांबाचा पासपोर्ट पोशीला वाचून दाखवला. 'लाकूड: साग. वय: अंदाजे ऐंशी वर्षे. पूर्वीचा वापर: गुरांचा गोठा.'

"गोठा?" पोशी म्हणाली. "अगं माझा सासरा चाळीस वर्सं ह्या खांबाला पाठ लावून बसायचा. ही बघ, घासून गुळगुळीत झाली बाजू. म्हातारा बैल होता का?"

मुलगी हसली आणि म्हणाली, दुरुस्ती करू. दुरुस्ती झाली नाही.

फागू वर बघत होता. त्याने बुडाशी खुणा शोधल्या, त्या नऊ खांबांना सापडल्या. तीन खांबांच्या खुणा त्याला वर छपराजवळ दिसल्या. तीन खांब डोक्यावर उभे होते.

त्याने कारखानिसांना बाजूला घेऊन सांगितलं. कारखानिसांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "टोळीकडून झालं असेल. पण काका, लाकडाला तसं वर-खाली काही नसतं."

"तुम्हाला हाय का, साहेब?"

कारखानीस मोठ्याने हसले. तो विनोद आहे असं त्यांना वाटलं.

फागूने जाऊ दिलं. तीन वर्षांचा प्रश्न, मग आपण आपले सरळ लावू. भाडं वेळेवर येत राहिलं, तेवढं स्टुडिओच्या बाजूने लिहायला हवं. त्या पैशांतून आणि पगारातून वर्षाने कौलं घेतली, दाराची चौकट घेतली. २०२५च्या जानेवारीत सगळं जमलं. लाकूड तेवढं यायचं होतं. खोलीवाल्याला तिने मार्चअखेर खोली सोडते म्हणून सांगून टाकलं.

मोखाड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर फागूला चंदू भेटला. चंदू गवंडी, अभ्यासघराचा चौथरा त्याच्या हातचा.

"काका, खांब काढणार म्हनतोस? कशाने काढशील, सुरुंगाने?"

"वर बोल्ट हायेत. पाना लावला की सुटतील."

"वरचे सुटतील. खाली काय करशील? खाली माझं सिमेंट हाय."

फागूने कप खाली ठेवला. "दगड ठेवायचे सांगितले होते."

"ठेवले होते. मंग त्यांचा इंजिनियर आला. म्हनाला वारा येईल, धरणीकंप येईल, जबाबदारी कोणाची. सव्वा सव्वा फूट खांब आत घातले नि काँक्रीट ओतलं. वरून शेणाने सारवून घेतलं बायांकडून. फोटोत माती दिसाया पाहिजे ना."

"बाराच्या बारा?"

"सातवा सोडून. तो दारातला, चौथऱ्याच्या खाली दगडावर सुटा ठेवलाय. कोणी पावना आला की तेवढा हलवून दाखवतात. बघा, उघडतं म्हनून." चंदू हसायला लागला आणि फागूचं तोंड बघून थांबला. "मी रोजंदारीचा माणूस, काका. ओत म्हनले, ओतलं."

फागूने त्याच संध्याकाळी कारखानिसांना फोन लावला. खांब कधी सोडवताय, असं विचारलं. कारखानीस म्हणाले, लाकडाऐवजी बाजारभावाने पैसे घ्या, किंवा तेवढेच निलगिरीचे नवे खांब घ्या. इमारत आता स्पर्धेच्या अंतिम फेरीत आहे, तिला हात लावणं योग्य नाही.

"माझं लाकूड पाहिजे, साहेब. निघतं म्हणाला होता."

"निघतं ना. तत्त्वतः निघतं."

"आणि हाताने?"

मग कारखानिसांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, स्पर्धेचे परीक्षक आणि कंपनीचे लोक येणार आहेत, त्यांच्यापुढे एक खांब काढून परत बसवून दाखवायचा आहे. ते काम काकांशिवाय कोण करणार? मानसन्मान होईल. दिवस तेरा फेब्रुवारी.

फागू म्हणाला, "येतो."

करार कधी संपतो हे कारखानिसांनी पाहिलं नव्हतं. खांबांचे पासपोर्ट करणाऱ्याने करारावरची तारीख बघू नये, याला काय म्हणावं? फागूने पाहिली होती. वर्षाने कराराची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिली आणि त्या दिवसाची रजा टाकली.

तेरा तारखेला अभ्यासघरापुढे मांडव होता. पंचवीस-तीस पाहुणे टायरांवर अवघडून बसले होते. आधी भाषण झालं. मग फागूला शाल आणि नारळ दिला. कारखानीस माईकवर म्हणाले, "आपण ज्याला भविष्य म्हणतो, ते या माणसाच्या हातात केव्हापासून आहे." टाळ्या झाल्या. भविष्य हातात असलेल्या माणसाला खांब रोवताना का बोलावलं नाही, हे कोणी विचारलं नाही.

फागूने शाल खांद्यावरून काढून मदतीला आणलेल्या चंदूकडे दिली आणि कामाला लागला. सातव्या खांबाच्या दोन्ही बाजूंना त्याने टेकू लावले, खाली पाचरी दिल्या. एकदा या पाचरीवर, एकदा त्या पाचरीवर, असे आलटूनपालटून हलके ठोके. तुळई अर्धं बोट उचलली गेली. ती उचलली गेल्याचं बघणाऱ्यांना कळलंही नाही. दोन बोल्ट पान्याने सोडले. मग खांबाला दोन्ही हातांनी कवळा घालून त्याने तो जरासा फिरवला, चंदूने बुडाला हात दिला, आणि खांब छपराखालून बाहेर येऊन गवतावर आडवा झाला. वीस मिनिटं. छपरावरचं एक कौल वाजलं नाही.

आता टाळ्या खऱ्या होत्या.

"हीच ती चक्रीयता!" कारखानीस माईकवर म्हणाले. "आता काका हाच खांब पुन्हा जागेवर बसवतील."

फागूने पाणी मागितलं, प्यायला, आणि दुसरे दोन टेकू घेऊन आठव्या खांबाकडे गेला.

"काका, एकच पुरे," कारखानीस माईक बाजूला करून म्हणाले.

"आज करार संपला, साहेब. बारा न्यायचे आहेत."

वर्षा पिशवी घेऊन पुढे आली. पाहुण्यांत बाहेरगावच्या एक परीक्षक बाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, काय चाललंय? वर्षाने कलम नऊ आधी मराठीत वाचलं, मग हिंदीत सांगितलं. बाईंना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, ही तर याच इमारतीची कल्पना आहे, मालक आपलं साहित्य न्यायला आलाय. करू द्या त्यांना.

कारखानीस हसले. दुसरं काय करणार होते?

आठव्या खांबाला टेकू लागले, पाचरी बसल्या, बोल्ट सुटले. फागूने कवळा घातला आणि फिरवला. खांब हलला नाही. त्याने पुन्हा जोर लावला, लोकांना नीट दिसेल असा. मग पहारीच्या टोकाने बुडाजवळचं शेणाचं सारवण उचकटलं. पापुद्रा निघाला आणि खाली करडं सिमेंट दिसलं.

"चंदू, काय रे हे?"

"सिमेंट, काका."

"किती?"

"खाली सव्वा फूट. सातवा सोडून सगळ्यांना." चंदू पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "मीच ओतलंय. लय पक्कं हाय. हजार वर्सं नाय हलायचं."

कारखानीस पुढे आले. "हे स्थैर्यासाठी, सुरक्षिततेच्या दृष्टीने. तत्त्वतः मात्र—"

"साहेब," वर्षा म्हणाली, "माझ्या घराला तत्त्व नको, खांब हवेत. मार्चअखेरीला खोली सोडायची आहे मला."

परीक्षक बाई वाकल्या, सिमेंटला बोट लावून पाहिलं, फोटो काढला आणि वहीत लिहिलं. तीही वही हाताने केलेल्या कागदाचीच होती.

फागूने आठव्याचे बोल्ट पुन्हा लावले, टेकू काढले. सातव्याच्या जागचे टेकू त्याने तसेच ठेवले. छप्पर पाहुण्यांच्या डोक्यात घालायचं त्याच्या मनात नव्हतं. "हे दोन टेकू तुमचेच आहेत. हलवू नका," असं त्याने कारखानिसांना सांगितलं. मग शाल मागून घेतली, तिची दोन टोकं पिळून चुंबळ केली, चुंबळ खांद्यावर ठेवली आणि वर खांब. मागचं टोक चंदूच्या खांद्यावर. वर्षा पुढे होऊन जीप थांबवायला रस्त्यावर गेली.

"माझी आजची हजेरी गेली, काका," चंदू मागून म्हणाला.

"मंग दोन्ही हातांनी धर. फुकट तरी नीट कर."

खांब जीपच्या टपावर बांधून हेदपाड्यात आला. पोशीने त्याची गुळगुळीत बाजू पदराने पुसली आणि म्हणाली, "गोठ्यातून सुटला एकदाचा." मग विचारलं, "बाकीचे?"

बाकीचे यायला एक महिना लागला. स्टुडिओच्या वकिलाने कलम नऊ वाचल्यावर मशीन आणवलं आणि अकरा खांब सिमेंटच्या वर सपाट कापले. त्यांच्या जागी लोखंडी पाइप उभे केले आणि त्यांना लाकडाचा रंग दिला. पितळी बिल्ले पाइपांवर ठोकले. मोबाइल धरला तर अजून साग, ऐंशी वर्षे असंच दिसतं. १३ मार्च २०२५ रोजी टेम्पो लाकूड टाकून गेला. अकरा खांब, प्रत्येक सव्वा फुटाने आखूड. जे तीन उलटे रोवले होते त्यांचं वरचं टोक सिमेंटात होतं, म्हणजे तुळईच्या खाचा तिथेच राहिल्या. फागूने ते तिन्ही आधी सरळ करून ठेवले आणि मग त्यांच्याकडे बघत बसला.

वर्षाने टेप लावली. "बाबा, एवढ्या उंचीत दारातून वाकून जावं लागेल."

"नाय लागणार."

शेजारी म्हणाले, सातवाही कापा, सगळे सारखे होतील. फागूने चंदूला बोलावलं. चंदूने ओढ्यातले काळे दगड फोडून अकरा जोती घडवली, सव्वा सव्वा फुटाची, आणि मजुरी सांगितली नाही. फागूने तीन खांबांना नव्या खाचा पाडल्या, खुणांप्रमाणे एक ते बारा मांडले, बूड खाली, आणि आठ दिवसांत घर उभं केलं. अकरा खांब दगडावर आहेत आणि दारातला एक सबंध आहे, त्याची गुळगुळीत बाजू आतल्या अंगाला. २९ मार्चला वर्षा आणि प्रगती राहायला आल्या. दारातून कोणाला वाकावं लागत नाही. फागूच्या हिशेबी ते एकसष्टावं घर.

अभ्यासघराला बक्षीस मिळालंच. पहिलं नाही, 'प्रामाणिक शिकवण' नावाचा एक विभाग होता, त्यात. फोटोत सातव्या खांबाच्या जागेवरचे दोन टेकू आहेत आणि खाली 'पारंपरिक आधाररचना' असं छापलंय. कारखानीस आता व्याख्यानांत फागूकाकांचं नाव घेतात आणि आम्ही डोंगराकडून नम्रता शिकलो असं सांगतात. त्या व्याख्यानांना तिकीट असतं. खांब कापल्याबद्दल स्टुडिओने एक सन्मानपत्र आणि दोन हजार शंभर रुपयांचा चेक पाठवला. चेकसोबतच्या पत्रात त्याला मानधन म्हटलं होतं. फागूने सन्मानपत्र कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावलं आणि चेक परत पाठवला. करारात मानधन नव्हतं, भाडं होतं.

भाड्याचं पत्र वर्षाने एप्रिलमध्ये लिहिलं. 'आपली विनंती नोंदवून घेतली आहे' असं उत्तर आलं. एक खांब १३ फेब्रुवारीला परत मिळाला, अकरा १३ मार्चला. अकरा खांबांचं एका महिन्याचं भाडं, पाचशे पन्नास रुपये, 'पुनरावर्त'कडून अजून यायचं आहे.